बार तोच ठेवा, सेट कमी करा

प्रश्न : ताई, माझं वय 36, वजन 82 किलो. सात-आठ वर्षं जिम नियमित आहे, आठवड्याला चार दिवस. स्क्वॉट (वजनं लावलेला बार खांद्यांवर घेऊन खाली बसून उठणं) 130 किलोच्या पाच रेप्स (सलग आवर्तनं) निघायच्या, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) 160. पण तीन जिने चढलो की धाप लागायची, म्हणून चार महिन्यांपूर्वी पळायला लागलो. आठवड्यातून तीनदा पाच-पाच किलोमीटर पळतो आणि दर वेळी मागच्या वेळेपेक्षा लवकर संपवायचा प्रयत्न करतो. अर्ध्या तासाच्या किंचित आत येतो, पण पाचच्या पुढे एक किलोमीटरही जाववत नाही. तिकडे स्क्वॉट 115 वर आलाय. जिममधले मित्र म्हणतात, पळणं मसल खातं, सोडून दे. पळणारे मित्र म्हणतात, एवढी वजनं उचलून कोणी लांब पळतं का? मला अर्ध मॅरेथॉन पळायची आहे आणि ताकदही घालवायची नाही. दोन्ही जमेल का, की एक काहीतरी निवडावं लागेल?

उत्तर : दोन्ही जमेल. काहीही सोडू नका. मात्र आत्ता तुम्ही जसं पळताय आणि जशी वजनं उचलताय, ते दोन्ही बदलावं लागेल.

आधी मित्रांच्या भीतीबद्दल बोलू, कारण ती अगदीच हवेतली नाही. 1980 साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने तीन गट घेऊन एक प्रयोग केला. एक गट फक्त वजनं उचलणारा, दुसरा फक्त दमाचा व्यायाम करणारा, तिसरा दोन्ही करणारा. प्रयोग दहा आठवडे चालला. तिसऱ्या गटाचा दम दुसऱ्या गटाइतकाच वाढला. ताकद मात्र सात-आठ आठवडे वाढत गेली, मग थांबली आणि शेवटी घसरायला लागली. तेव्हापासून ‘पळणं ताकद खातं’ हे वाक्य जिमच्या भिंतीला चिकटलं ते चिकटलंच. पण त्या बिचाऱ्यांचा आठवडा पाहा. पाच दिवस वजनं, सहा दिवस पळणं आणि सायकल, म्हणजे आठवड्याला अकरा सत्रं आणि तीही जोर काढून. असं कुणाच्याही शरीराला झेपणार नाही. पुढच्या चाळीस वर्षांत यावर ढीगभर अभ्यास झाले. 2022 मध्ये ते एकत्र करून तपासले, तेव्हा दोन्ही व्यायाम सोबत केल्याने कमाल ताकद किंवा स्नायूंची वाढ मागे पडते असं दिसलं नाही. थोडा फटका बसतो तो झटक्याच्या ताकदीला, म्हणजे उडी किंवा स्प्रिंटला, आणि तोही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात लागोपाठ केले तर.

मग तुमचा स्क्वॉट का उतरला? तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात उत्तर आहे : ‘दर वेळी मागच्या वेळेपेक्षा लवकर संपवायचा प्रयत्न करतो.’ तुम्ही पळायला जात नाही, आठवड्यातून तीनदा परीक्षा द्यायला जाता. शिवाय चार दिवसांची वजनं जशीच्या तशी चालू आहेत. मांडीचे स्नायू विरघळलेले नाहीत, ते थकलेले आहेत. पडताळून पाहायचं असेल तर पाच दिवस पळू नका, पायांचा व्यायामही करू नका, पोटभर जेवा, झोपा, आणि मग बारखाली जा. बहुतेक 125 च्या आसपास उचललं जाईल. झिजलेला स्नायू पाच दिवसांत परत येत नाही, थकवा उतरतो.

आता पळण्याचं. लांब पळणाऱ्याचा दम हळू पळण्यातून तयार होतो, हे वजनं उचलणाऱ्या माणसाला पटवणं मला सगळ्यात जड जातं. जिममध्ये शिकलेलं असतं की शेवटची रेप कठीण गेली नाही तर व्यायाम झालाच नाही. पळण्यात तसं नाही. हळू पण बराच वेळ पळताना हृदयाचा एकेक ठोका जास्त रक्त ढकलायला शिकतो, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात, शरीर चरबी जाळून पुढे जायला शिकतं. हे सगळं मिळतं आणि दुसऱ्या दिवशी स्क्वॉट करण्याइतके पाय ताजे राहतात. तुम्ही पळता तो वेग ना धड सोपा, ना धड कठीण. लांब जाता येत नाही इतका जास्त, आणि हृदयाची कमाल क्षमता वाढवता येत नाही इतका कमी. थकवा मात्र पुरेपूर.

तुमचा पाच किलोमीटरचा वेग पाहता सोपं पळणं म्हणजे किलोमीटरला सव्वासात ते पावणेआठ मिनिटं. हो, इतकं हळू. घड्याळात ठोके दिसत असतील तर 208 मधून वयाच्या सात दशांश वजा करा. तुमचे कमाल ठोके साधारण 183 येतात. त्याच्या 70 ते 75 टक्के, म्हणजे 128 ते 137 च्या आसपास राहा. हे सूत्र सरासरीचं आहे, माणसागणिक दहा ठोके इकडेतिकडे होतात, म्हणून माझा भरवसा घड्याळापेक्षा बोलण्यावर. पळता पळता एखादा पाढा मोठ्याने म्हणा. एका श्वासात तीन-चार पायऱ्या नीट म्हणता आल्या तर वेग बरोबर. दर पायरीला श्वास घ्यावा लागला तर हळू करा. चढावर ठोके वर गेले तर चाला, लाज वाटून घेऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे तुम्हाला चीड येईल, मागून येणारे पुढे निघून जातील. जाऊ द्या. दीडेक महिन्यात त्याच ठोक्यांवर तुमचा वेग आपोआप वाढलेला दिसेल.

वजनांच्या बाजूने खूप चांगली बातमी आहे. ताकद कमवायला जितकं काम लागतं, त्याच्या थोड्याशा भागात ती टिकते. 2011 मधल्या एका अभ्यासात लोकांनी चार महिने आठवड्यातून तीनदा पायांची वजनं उचलली. मग काहींचं काम एक तृतीयांशावर आणलं, काहींचं तर एक नवमांशावर, म्हणजे आठवड्यातून एकच दिवस आणि प्रत्येक व्यायामाचा एकच सेट (रेप्सची एक सलग खेप). बत्तीस आठवड्यांनंतरही तरुणांची ताकद टिकून होती. साठीच्या पुढच्या लोकांना स्नायूंचा आकार टिकवायला मात्र जास्त काम लागलं. अट इतकीच की बारवरचं वजन उतरवायचं नाही. लोक नेमकं उलटं करतात. पळायला लागले की वजन निम्मं करतात आणि रेप्स वीस-वीस मारतात. त्याने पाय दमतात आणि ताकदीला सांगावाही पोहोचत नाही. तुम्ही बार जड ठेवा, सेट कमी करा. रेप्स तीन ते पाच, सेट दोन किंवा तीन, आणि प्रत्येक सेटला दोन रेप्स हातच्या राखून थांबा. बारवर धुमसत बसण्याचे दिवस हे नव्हेत.

आठवडा साधारण असा बांधा. सोमवारी स्क्वॉट, तीन सेट, सोबत बेंचवर आडवं होऊन बार ढकलणं वगैरे वरच्या शरीराचं. मंगळवारी चाळीस मिनिटं सोपं पळणं. बुधवारी फक्त वरचं शरीर. गुरुवार कठीण दिवस : सकाळी वेगाचं पळणं, संध्याकाळी डेडलिफ्टचे दोन सेट आणि लगेच घरी. शुक्रवारी पूर्ण सुट्टी. शनिवारी लांब पळणं. रविवारी आराम, वाटलं तर चालायला जा. कठीण गोष्टी एकाच दिवसात कोंबायला सांगते तेव्हा लोक दचकतात, पण त्यामुळे बाकीचे दिवस खरोखर सोपे राहतात आणि पायांना सलग विश्रांती मिळते. रोज थोडं थोडं कठीण हे सगळ्यात वाईट. गुरुवारच्या दोन सत्रांत किमान सहा तास जाऊ द्या. वेळेअभावी लागोपाठ करावंच लागलं तर आधी वजनं, मग सोपं पळणं. वेगाचं पळून लगेच जड बारखाली जाऊ नका. दमलेल्या पायांनी स्क्वॉट करणाऱ्याकडे बाजूने पाहिलं की दिसतं : खाली जाताना टाच किंचित उचलली जाते, वर येताना कंबर आधी वर आणि छाती मागून, गुडघे आत झुकतात. करणाऱ्याला कळतही नाही आणि सगळा भार पाठीवर येतो.

गुरुवारचं वेगाचं पळणं पहिले सहा आठवडे नकोच. तिथेही सोपंच पळा आणि शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार-पाच मोकळ्या, वेगवान धावा घ्या, मध्ये पूर्ण दम येईपर्यंत चाला. त्यानंतर चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हलकं, असे चार फेरे. जोरात म्हणजे चौथ्या मिनिटाला दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण चौथा फेरा पहिल्याच्याच वेगाने निघाला पाहिजे. पहिल्याच फेरीत सगळं उधळलं तर पुढचे तीन वाया गेले.

आता जरा काळजीचं. तुमच्यासारख्या ताकदवान माणसाला पळताना इजेचा धोका नवशिक्यापेक्षा कमी वाटतो, पण मला तसं वाटत नाही. चाळीस मिनिटांत साडेसहा हजारांच्या आसपास पावलं पडतात आणि दर पावलाला जमिनीचा मार शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, मांड्या तर तुमच्या आधीच मजबूत आहेत. हाडं आणि टाचेमागची जाड कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) मात्र महिनोन्‌महिने घेते. दम म्हणतो चला अजून दोन किलोमीटर, आणि टाच अजून तयार नसते. तुमच्या जिमच्या यादीत पोटरीचा एकही व्यायाम नाही असं मी धरून चालते, बहुतेकांच्या नसतोच. पळताना सगळ्यात जास्त राबतो तो पोटरीच्या आतल्या थरातला स्नायू, आणि तो स्क्वॉटने तयार होत नाही. पायरीच्या कडेवर एका पायाने उभे राहा, गुडघा थोडा वाकवा आणि तो वाक शेवटपर्यंत तसाच ठेवा. पूर्ण वर जा, क्षणभर थांबा, मग तीन सेकंद मोजत टाच पायरीच्या खाली जाऊ द्या. खाली आपटायचं नाही, उसळी घ्यायची नाही. दहा-बारा नीट जमल्या की हातात वजन घ्या. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. इतका साधा, कंटाळवाणा व्यायाम आहे हा, पण तुमच्या अर्ध मॅरेथॉनसाठी मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन.

अंतर किती वाढवायचं? आठवड्याची बेरीज दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा नियम सगळ्यांना पाठ असतो. नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर तो तपासला, तर नियम पाळणाऱ्यांना आणि न पाळणाऱ्यांना इजा जवळपास सारख्याच झाल्या. 2025 मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या नोंदी पाहिल्या गेल्या, त्यात वेगळी गोष्ट दिसली : गेल्या तीस दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून जास्त लांबली की इजा वाढतात. म्हणून शनिवारच्या धावेकडे लक्ष द्या. पाचनंतर साडेपाच, मग सहा, मग साडेसहा. चौथ्या आठवड्याला थोडं कमी करा. पुढे दहा टक्क्यांच्या आत राहून हा टप्पाही मोठा करत गेलात, तर सोळा किलोमीटरपर्यंत पोहोचायला साधारण चार महिने लागतील आणि तिथून अर्ध मॅरेथॉनचे 21.1 किलोमीटर आवाक्यात येतात. म्हणजे स्पर्धा निवडताना सहा महिने हातात ठेवा. तीन महिन्यांवरची कुणी सुचवली तर नाही म्हणा.

खाण्याबद्दल थोडक्यात, पण मनावर घ्या. शरीराच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुम्हाला दिवसाला 130 ग्रॅम. लांब आणि कठीण दिवसांत कर्बोदकं दर किलोमागे पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चारशे ग्रॅमच्या पुढेच. जिमवाले कर्बोदकांना घाबरतात, आणि मग बाराव्या किलोमीटरला पायातला जीव जातो. या सहा महिन्यांत वजन उतरवायचा घाट घालू नका. दम वाढवणं आणि ताकद राखणं सोबत होतं, त्यात उपाशी राहणं घुसलं की तिन्ही हातचे जातात.

पळणाऱ्या मित्रांना सांगायला एक गोष्ट. 2008 साली नॉर्वेत धावपटूंनी आठ आठवडे जड हाफ स्क्वॉट (अर्धंच खाली बसायचं) केले, चार सेट, चार-चार रेप्स, आठवड्यातून तीनदा. त्यांचं वजन वाढलं नाही आणि त्याच वेगाने पळायला पाच टक्के कमी ऊर्जा लागायला लागली. तुमचा स्क्वॉट तुमच्या पळण्याच्या कामाचा आहे.

प्रश्न : मी 54 वर्षांची आहे, बरीच वर्षं पळते, दहा किलोमीटर आरामात होतात. नुकत्याच केलेल्या तपासणीत हाडांची घनता थोडी कमी निघाली. डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितलं आहे. पळण्याने पायांना व्यायाम होतोच, तर हलकी वजनं घेऊन भरपूर रेप्स केल्या तर चालेल ना? जड वजनांची भीती वाटते.

उत्तर : भीती वाटणं साहजिक आहे, पण हलक्यावर थांबू नका. हजारो वेळा हलका भार हे काम तुमचं पळणं आधीच करतंय. हाडाला नवं काही हवं असेल तर ते मोठ्या भारातून मिळतं. ऑस्ट्रेलियात ‘लिफ्टमोर’ नावाचा प्रयोग झाला, त्यात पाळी गेलेल्या आणि घनता कमी असलेल्या शंभरएक स्त्रिया होत्या. निम्म्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर बार उचलणं आणि उडीचा एक व्यायाम केला. जड, पाच-पाच रेप्स. त्यांच्या मणक्याची घनता वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची नाही.

आता महत्त्वाचं : त्या स्त्रियांवर पूर्ण वेळ प्रशिक्षकाची नजर होती आणि सुरुवात हलक्या भारानेच झाली होती. तुम्हीही तसंच करा. अहवाल प्रशिक्षकाला दाखवा, पहिला महिना फक्त हालचाल शिकण्यात घालवा. कमरेतून वाकायचं, पाठीतून नाही, हे अंगात मुरलं की मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. दोन महिन्यांनी पाच-सहा रेप्सनंतर आणखी दोनच निघतील असं वजन तुमच्या हातात असलं पाहिजे. अंग पुरुषी होईल ही शंका तुम्ही विचारली नाहीत, पण बऱ्याच जणी मनात ठेवतात. तसं होत नाही. आठवड्याच्या दोन सोप्या धावांमधली एक कमी करून तिथे वजनं बसवा. लांब धाव राहू द्या, ती तुम्हाला आवडते हे पत्रातून कळतंय.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. जिम आणि पळणं दोन्ही करतो. तीन आठवड्यांपासून नडगीच्या आतल्या बाजूला दुखतंय. पळायला लागलो की दुखतं, नंतर कमी होतं. तसंच पळत राहू का?

उत्तर : आधी बोटाने तपास. नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वर एकेक बोट दाबत जा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर हाडाच्या कडेवर ताण आलेला आहे. अंतर निम्म्यावर आण, वेगाचं पळणं थांबव, वर सांगितलेला पोटरीचा व्यायाम दोन्ही पायांनी मिळून सुरू कर. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं किंवा दुसऱ्या सकाळी उतरलं नाही तर अजून कमी कर.

पण एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या ठिकाणी हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल किंवा त्या पायावर उडी मारवत नसेल, तर आजपासून पळणं बंद आणि याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे जा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते आणि सुरुवातीला ती साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखण्याची नेमकी जागा डॉक्टरांना बोट ठेवून दाखव. तोवर वरच्या शरीराची वजनं चालू ठेव. दुखत नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर दमासाठी सायकल किंवा पोहणं कर. आणि जेवण टाळून वजन उतरवत असशील तर तेही त्यांना सांग, हाडांच्या दुखण्यात ते कारण फार वेळा लपलेलं असतं.